उबेचा खर्च

शाळेच्या पुस्तकात वाटणी सोपी असते: मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी शीतरक्ती, पक्षी आणि सस्तन प्राणी उष्णरक्ती. परीक्षेपुरती ती ठीकच. पण अंग ऊबदार ठेवायला अन्न जाळावं लागतं, आणि हा खर्च कोण, कधी, किती करतो हे पाहू लागलं की ती रेघ पुसट होते.

सरडा आपलं काम उन्हावर भागवतो. सकाळी कुंपणावर अंग आडवं धरून बसायचं, तापलं की सावली गाठायची. मगर तर महिनोन्महिने उपाशी राहू शकते. उलट जेमतेम दोन ग्रॅमची एट्रुस्कन चिचुंद्री रोज स्वतःच्या वजनाहून जास्त खाते.

अजगराने मात्र पंडितांची पंचाईत केली. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून ती उबवते, असं भारतातून परतलेल्या लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने १८३०च्या दशकात सांगितलं, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी त्याला उडवून लावलं. १८४१ मध्ये पॅरिसमध्येच पाळलेल्या मादीच्या वेटोळ्यात प्राणिशास्त्रज्ञ व्हालांसिएनने तापमापक सरकवला. पारा हवेच्या तापमानाच्या बराच वर चढला! कारण पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात, १९६६च्या अभ्यासात, उलगडलं. मादी ठरावीक अंतराने स्नायूंना हिसके देते. गारठा वाढला की हिसकेही वाढतात. सुमारे दोन महिने हे चालतं, तेही बहुधा उपाशीपोटी. एरवी ही उधळपट्टी ती करत नाही.

कुपा मासा पोहणाऱ्या स्नायूंची ऊब वाया जाऊ देत नाही. स्नायूंकडून परतणारं गरम रक्त आणि कल्ल्यांकडून येणारं गार रक्त शेजारशेजारच्या बारीक वाहिन्यांतून उलट दिशांनी वाहतं आणि उष्णता वाटेतच परत मिळते. ओपा माशात अशी सोय कल्ल्यांतच असल्याने त्याचं हृदयही पाण्याहून गरम राहतं, हे २०१५ मध्ये समोर आलं.

उष्णरक्तीही काटकसर करतात. पाण्याविना राहिलेल्या उंटाचं अंग पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतं, दुपारी चाळिशी ओलांडतं, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ श्मिट-नील्सन यांनी सहारात मोजलं. दिवसा साठलेली उष्णता तो रात्रीच्या गारव्यात सोडतो; घामाचं पाणी वाचतं. पेरूच्या अँडीजमधला एक हमिंगबर्ड रात्री ३.३ अंशांपर्यंत गार पडलेला २०२० मध्ये नोंदला गेला, आणि सकाळी तो उडाला.

अंग गार करण्याचे मार्ग तितकेसे सभ्य नाहीत. पक्ष्यांना घामग्रंथी नसतात. पाणकावळा गळ्याची कातडी फडफडवतो, करकोचे स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात. काळ्या कातडीच्या, घामग्रंथी कमी असलेल्या म्हशीला डबकं लागतं.

माणसाची मदार घामावर. तो सुकला तरच उष्णता नेतो. म्हणून नागपूरच्या ४५ अंशांत कूलर चालतो, मुंबईच्या दमट ३४ अंशांत तो नुसती चिकचिक वाढवतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक ३५ अंश दाखवेपर्यंत निरोगी माणूस तग धरेल, असा अंदाज होता. पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगांत, २०२२ मध्ये, दमट हवेत धडधाकट तरुणांचं शरीर ३१ अंशांच्या आसपासच हार मानू लागलं.