खासगी विंडोवर उगाच ठपका

पवनी तालुक्यातल्या कोंढ्यासारख्या गावात संगणक बहुधा एकट्याचा नसतो. सेवा केंद्रातल्या एकाच खुर्चीपुढे कोणी सातबारा काढायला येतो, कोणी पीएम किसानची केवायसी करायला, तर कोणी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला. एकाचा लॉगिन दुसऱ्यापुढे उघडा पडू नये यासाठी ब्राउझरची खासगी विंडो, म्हणजे क्रोमची इनकॉग्निटो किंवा एजची इनप्रायव्हेट, अशा ठिकाणी फार उपयोगाची. पण नेमक्या तिथेच मराठी टायपिंगचे बटण गायब होते, पानातला एखादा चौकोन कोराच राहतो, आणि ‘साइट चालत नाही’ म्हणून साधी विंडो उघडून काम उरकले जाते. ही सवय सोडायला हवी. खासगी विंडो बिघडलेली नसते. तिने काही गोष्टी ठरवून दाराबाहेर ठेवलेल्या असतात, आणि कोणती गोष्ट बाहेर राहिली हे ओळखले की अडलेले काम बहुतेक वेळा तिथेच होते.

असे का होते हे समजायला थोडे मागे जावे लागते. सफारी ब्राउझरने २००५ मध्ये खासगी ब्राउझिंगची सोय आणली, क्रोममध्ये ती २००८ मध्ये आली. पण त्या काळी व्हिडिओ, खेळ, परीक्षांचे सराव हे सारे फ्लॅश नावाच्या प्लगइनवर चालत असे आणि फ्लॅश स्वतःच्या नोंदी ब्राउझरपासून वेगळ्या ठेवत असे. ब्राउझर इतिहास पुसायचा, फ्लॅशच्या नोंदी मात्र तशाच राहायच्या. २०१० मध्ये आलेल्या १०.१ आवृत्तीपासून फ्लॅश खासगी विंडोचा नियम पाळू लागला. ब्राउझर बनवणारेही जास्त सावध होत गेले. क्रोममध्ये कोणतेही एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय खासगी विंडोत चालत नाही. फायरफॉक्सने हाच नियम २०१९ मध्ये लावला. २०२० पासून क्रोमची खासगी विंडो पानात बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या साइटच्या कुकीज, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, याही अडवते. त्यामुळे पान उघडते, पण त्यात बसवलेला दुसरीकडचा भाग कधी कोरा राहतो, तर कधी पुन्हा पुन्हा लॉगिन मागतो.

म्हणून पहिली तपासणी एकच: तेच पान साध्या विंडोत उघडून पाहावे. तिथेही चालत नसेल तर खासगी विंडोचा काही संबंध नाही. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, जावा अॅपलेट त्याआधीच क्रोममधून गेले होते. अशा जुन्या पानाला कोणत्याही विंडोत घातले तरी ते उठणार नाही. साध्या विंडोत चालते आणि खासगीत नाही, असे असेल तर एक्स्टेन्शन, कुकी किंवा नव्याने करावे लागणारे लॉगिन यांपैकी काहीतरी अडलेले असते. गूगल इनपुट टूल्ससारखे मराठी टायपिंगचे एक्स्टेन्शन घ्या. क्रोमच्या मेनूतून एक्स्टेन्शन व्यवस्थापनात जाऊन त्याचा तपशील उघडला की इनकॉग्निटोमध्ये चालू देण्याचे बटण सापडते. ते चालू केले की टायपिंग सुरू होते. त्याहून चांगला उपाय विंडोजमध्येच आहे: त्यातला मराठी फोनेटिक कीबोर्ड एकदा जोडून घेतला की तो कोणत्याही विंडोत चालतो, एक्स्टेन्शनची गरजच उरत नाही. आणि उलटे घडले, म्हणजे पान खासगीत चालले पण साध्या विंडोत अडले, तर दोष बहुधा जुन्या कुकीत किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये असतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की एक्स्टेन्शनला आत घेतले तर खासगीपणा उरलाच कुठे? धोका खराच आहे. एक्स्टेन्शनला पानावरचा मजकूर वाचण्याची परवानगी असू शकते आणि त्याने काय जपून ठेवले हे ब्राउझर पुसू शकत नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना मोकळीक न देता, ओळखीच्या आणि खरोखर लागणाऱ्या एकालाच द्यावी. दुसरा आक्षेप असा, की खासगी विंडो तसेही काही लपवत नाही. साइटला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला आपण दिसतच असतो. इनकॉग्निटोतल्या माहितीवरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत जुन्या नोंदी नष्ट करायचे कंपनीने मान्य केले. पण सेवा केंद्रात भीती वेगळी असते: पुढच्या गिऱ्हाइकाला मागच्याचे खाते दिसण्याची. तेवढ्यापुरती ही विंडो पक्की आहे. साध्या विंडोत लॉगिन आणि पासवर्ड मागे राहू शकतात. घाईत वाचवलेल्या दोन मिनिटांची ती किंमत फार मोठी आहे.

मात्र उघड्या असलेल्या सगळ्या खासगी खिडक्या मिळून एकच सत्र असते. एकही उघडी राहिली तर आधीच्याचे लॉगिन पुढच्यासाठी जिवंत राहते. डाउनलोड केलेला सातबारा किंवा आधारची प्रत तर विंडो मिटल्यावरही यंत्रात तशीच पडून असते. केंद्र चालवणाऱ्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकानंतर सगळ्या खासगी खिडक्या बंद कराव्यात आणि डाउनलोडचा फोल्डर रिकामा करावा; आणि गिऱ्हाइकांनी उठण्याआधी ते करायला बिनदिक्कत सांगावे.