खेळातल्या नगरीला पहारेकरी किती?

चार मित्र टेबलाभोवती बसले आहेत. मधोमध चौकटीच्या वहीचा एक कागद. त्यावर पेन्सिलीने काढलेला तट, चार वेशी, बाजाराचा चौक आणि एका सावकाराचा वाडा. एक जण म्हणतो, "मी मध्यरात्री दोर टाकून तटावर चढतो." खेळ चालविणारा मित्र क्षणभर विचारात पडतो. या चोराला पहारेकरी पाहील की नाही?

हा खेळ तुम्ही खेळला नसेल तर थोडी ओळख करून देतो. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. यात पट किंवा सोंगट्या असल्याच पाहिजेत असे नाही. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण मात्र कोणाचीच बाजू घेत नाही. गाव, जंगल, राक्षस, दुकानदार हे सारे त्याच्या हाती. त्याला आपण सूत्रधार म्हणू. जेथे काय घडेल ते निश्चित नसते तेथे फासे टाकून निर्णय होतो.

नवखा सूत्रधार नेमका पहारेकऱ्यांपाशी फसतो. चोर चढला रे चढला की दहा शिपाई जमिनीतून उगवल्यासारखे हजर! असे दोनदा झाले की खेळाडूंच्या लक्षात येते, आपण कितीही डोके चालवले तरी उपयोग नाही. आणि ते डोके चालविणे सोडून देतात. उलट पहारेकरी सदैव घोरतच पडले असतील तर एका संध्याकाळी सारे नगर लुटून होते आणि पुढच्या रविवारी खेळायला काही उरत नाही. म्हणून पहारा हा सूत्रधाराच्या लहरीवर न ठेवता हिशेबावर ठेवावा.

आधी इतिहासाकडे पाहू. रोममध्ये सम्राट ऑगस्टसने इ. स. ६ मध्ये 'व्हिजिलेस' नावाचे दल उभारले. त्याच्या सात तुकड्या होत्या, शहराचे विभाग चौदा. म्हणजे एका तुकडीकडे दोन विभाग. त्यांचे मुख्य काम चोर पकडणे नव्हे, तर आग विझविणे! दाटीवाटीच्या लाकडी घरांच्या शहरात चोरापेक्षा ठिणगी अधिक घातक. तुमच्या नगरातल्या पहारेकऱ्याच्या हाती भाल्याबरोबर पाण्याची बादलीही द्या.

इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्ड राजाने १२८५ मध्ये विंचेस्टरचा कायदा केला. मोठ्या शहराच्या प्रत्येक वेशीवर सहा माणसांनी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पहारा करावा, रात्री परका दिसल्यास सकाळपर्यंत अडकवून ठेवावा आणि गुन्हा घडला की आरोळी ठोकावी, असे त्यात होते. आरोळी ऐकली की साऱ्यांनी पाठलाग करायचा. हे पहारेकरी गणवेशातले पगारी शिपाई नव्हते, गावचेच रहिवासी होते. आज पहाऱ्यावर असलेला मोची उद्या दुकानात बसून तुमचे जोडे शिवायचा! लंडनला गणवेशधारी, पगारी पोलीस दल मिळाले ते १८२९ मध्ये.

यावरून हिशेब करा. चार वेशी, प्रत्येकी सहा, म्हणजे रोज रात्री २४ माणसे. दिवसभर काम केलेला माणूस रोज जागू शकणार नाही. आठ दिवसांनी एकदा पाळी आली तर १९२ माणसांची यादी हवी. तेवढी घरे तुमच्या नकाशात आहेत ना? नसतील तर वेशी कमी करा.

आता बाजाराचा चौक. त्याला वेडेवाकडे बारा कोपरे आहेत. साऱ्या चौकावर नजर राहावी म्हणून किती जण उभे करावेत? असाच प्रश्न व्हिक्टर क्ली या गणितज्ञाने १९७३ मध्ये चित्रदालनाबद्दल विचारला होता आणि व्हाक्लाव ख्वाताल यांनी तो सोडविला. ती सिद्धता १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. कोपऱ्यांच्या संख्येला तीनने भागा, बाकी सोडून द्या. तेवढे पहारेकरी नेहमी पुरतात. बारा कोपऱ्यांना चार.

असे का, हे १९७८ मध्ये स्टीव्ह फिस्क यांनी फार सुंदर रीतीने दाखविले. कोपरे रेषांनी जोडून आकृतीचे त्रिकोण पाडा. रेषा एकमेकींना छेदू देऊ नका. मग कोपऱ्यांना लाल, निळा, हिरवा असे तीन रंग द्या, असे की प्रत्येक त्रिकोणाला तिन्ही रंग मिळतील. हे नेहमी साधते. आता जो रंग सर्वांत कमी कोपऱ्यांना आला असेल तेथे माणसे उभी करा. प्रत्येक त्रिकोणात तो रंग आहेच, म्हणून प्रत्येक त्रिकोणावर कोणाची तरी नजर आहे. आणि बारा कोपरे तीन रंगांत वाटले तर सर्वांत कमी असलेला रंग चारांहून अधिक कोपऱ्यांना येणार नाही. वही घ्या आणि करून पाहा, वाचण्यापेक्षा त्यात गंमत अधिक आहे. मात्र चौकाच्या मध्यात देऊळ किंवा उंच मनोरा असेल तर हा नियम तसाच लागू पडत नाही.

तट मात्र उभे राहून राखता येत नाही, फिरावे लागते. समजा तटाचा घेर १८०० मीटर आहे. कंदील घेतलेली टोळी मिनिटाला ६० मीटर चालते. एक फेरी ३० मिनिटांत पुरी होते. चोराला चढायला १० मिनिटे लागतात. तो डोळे मिटून कधीही चढू लागला तर पकडले जाण्याची संभाव्यता १०/३०, म्हणजे एकतृतीयांश. पण चोर कशाला डोळे मिटेल? तो झुडपात दबा धरून बसेल, टोळी पुढे गेली की दोर टाकेल. मग संभाव्यता शून्य! दोन टोळ्या समान अंतराने फिरविल्या तरी मध्ये १५ मिनिटे मोकळी सापडतात. माणसे दुप्पट करूनही चोर सुखरूप.

उपाय फाशात आहे. टोळीला कधी रेंगाळू द्या, कधी उलटी फिरू द्या. सूत्रधाराने खेळातल्या दर १० मिनिटांना एक फासा टाकावा. १ किंवा २ पडले तर टोळी आली. सरासरीने ती अर्ध्या तासात एकदाच येते, म्हणजे चालणे वाढलेले नाही. पण आता चोराने कितीही टेहळणी केली तरी धोका एकतृतीयांशच राहतो. लूट घेऊन उतरायला आणखी १० मिनिटे धरली, तर दोन्ही वेळा सुटण्याची संभाव्यता २/३ गुणिले २/३, म्हणजे ४/९. निम्म्याहूनही कमी!

ही केवळ खेळातली युक्ती नाही. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर पोलिसांची तपासणी नाकी आणि कुत्र्यांची गस्त ठरविण्यासाठी एक संगणक कार्यक्रम वापरात आला. तेव्हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असलेले मिलिंद तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी तो तयार केला होता. टेहळणी करणाऱ्याला पुढची गस्त ओळखता येऊ नये, तरीही महत्त्वाच्या जागा अधिक वेळा तपासल्या जाव्यात, असे वेळापत्रक तो बनवी. तुम्हीही सावकाराच्या वाड्यामागच्या तटावर १, २ किंवा ३ पडल्यास टोळी आली, असे ठरवू शकता. मात्र मग दुसरीकडे कोठे तरी फक्त १ ठेवावा लागेल, कारण माणसे तेवढीच आहेत.

टोळीने गाठले म्हणजे लगेच तलवारी उपसायच्या असे नाही. मोच्याला लढायची हौस नसते. त्याला सकाळी दुकान उघडायचे असते. मूळ खेळात राक्षस कसा वागेल हे ठरवायला दोन फासे टाकीत. बेरीज २ ते ५ आली तर वैर, ६ ते ८ आली तर संशय, ९ ते १२ आली तर स्नेह. हेच कोष्टक पहारेकऱ्याला लावा. ३६ शक्यतांपैकी १० वैराच्या, १६ संशयाच्या, १० स्नेहाच्या. खेळाडूच्या हाती कंदील असला, म्हणजे तो लपतछपत चाललेला नसला, तर बेरजेत १ मिळवा. एवढ्यानेच वैराच्या शक्यता १० वरून ६ वर येतात आणि स्नेहाच्या १० वरून १५ वर जातात.

आणि पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा? पेशवाईतल्या पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कैदेत कोंडलेली माणसे १७९१ मध्ये गुदमरून मेली आणि खवळलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठार केले. तुमच्या नगरातली कोठडी किती मोठी आहे, तिची किल्ली कोणाकडे असते आणि निरपराध खेळाडू आत अडकला तर त्याने दाद कोणाकडे मागायची, हेही नकाशाच्या मागे लिहून ठेवा.

आता एक काम तुमच्याकडे. बारा कोपऱ्यांचा असा एक चौक काढा की ज्याला तीन पहारेकरी कसेही उभे केले तरी पुरणार नाहीत. फणीचे दात डोळ्यांसमोर आणा.