फ्रेंच पाकपरंपरा आणि 'शेन दे रोतिस्यर' : व्यवसायसंघाकडून रसिकमंडळाकडे

प्रस्तावना

'शेन दे रोतिस्यर' म्हणजे 'मांस भाजणाऱ्यांची साखळी'. पॅरिस येथे मुख्यालय असलेली ही संस्था सुमारे ७५ देशांत कार्यरत असून फ्रेंच पाकपरंपरेचा गौरव हे तिचे ध्येय आहे. संस्था आपले मूळ इ. स. १२४८ पर्यंत नेते. तिची प्रत्यक्ष स्थापना मात्र १९५० ची आहे. या दोन वर्षांमधील नाते नेमके कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवसायसंघाचा उदय

एकाच व्यवसायातील लोकांनी संघ करून राहणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा एक टक्का व्याजाने ठेवल्याची नोंद आढळते. सामान्य कारागिरांच्या संघाला केवढी पत होती, हे त्यावरून दिसते.

पॅरिसमधील संघही असेच होते. संस्थेच्या परंपरेनुसार नवव्या लुईच्या काळात, १२४८ मध्ये, पाळीव हंस भाजून विकणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. पुढे पॅरिसचा प्रशासक एतिएन ब्वालो याने १२६८ च्या सुमारास शहरातील व्यवसायांचे नियम ग्रंथबद्ध केले. त्यात या व्यावसायिकांसाठी खराब मांस विकण्यास मनाई होती. विशेष म्हणजे दंडाच्या रकमेचा तिसरा हिस्सा व्यवसायातील निर्धन व वृद्ध व्यक्तींसाठी राखून ठेवला जाई. ग्राहकाचे आरोग्य, मालाचा दर्जा आणि कारागिराचे म्हातारपण या तिन्ही गोष्टींची जबाबदारी संघावर होती.

१५०९ मध्ये, बाराव्या लुईच्या कारकिर्दीत, संघाचे नियम बदलले व 'रोतिस्यर' हे नाव रूढ झाले. १६१० मध्ये त्यास राजचिन्ह मिळाले. ज्वाळांनी वेढलेल्या ढालीवर मांस भाजण्याच्या दोन आडव्या-तिरप्या सळया आणि मांसात चरबी ओवण्याच्या चार सुया, असे त्याचे स्वरूप होते.

विसर्जन आणि मधला काळ

संघांच्या मक्तेदारीमुळे नवागतांना व्यवसायप्रवेश कठीण होई. अर्थमंत्री त्युर्गो याने १७७६ मध्ये संघ रद्द केले. त्याच वर्षी ते अंशतः पुन्हा सुरू झाले. राज्यक्रांतीनंतर १७९१ च्या कायद्यांनी मात्र त्यांचा शेवट केला.

तेथून १९५० पर्यंतची १५९ वर्षे या इतिहासात रिकामी आहेत. तथापि याच काळात भोजनाविषयीचा अधिकार स्वयंपाक्याकडून खवय्याकडे सरकला. ग्रिमो द ला रेनिएर याची खवय्यांसाठीची वार्षिके १८०३ पासून निघू लागली. ब्रिया-साव्हारँ याचा आस्वादविषयक ग्रंथ १८२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पदार्थाचा दर्जा आता संघाचा निरीक्षक नव्हे, तर वाचक-रसिक ठरवू लागला.

पुनरुज्जीवन

डॉ. ओग्युस्त बेकार, झाँ व्हाल्बी व 'खवय्यांचा राजपुत्र' म्हणून निवडला गेलेला लेखक क्युर्नोन्स्की यांनी लुई झिरोदाँ व मार्सेल दोराँ या व्यावसायिक बल्लवांसह १९५० मध्ये ही संस्था उभारली. संस्थापकांतच रसिक आणि व्यावसायिक एकत्र आले, हा जुन्या संघापासूनचा मूलभूत फरक होय. सभासदांच्या गळ्यातील फितींचे रंग दर्जा दर्शवितात. शाखाप्रमुखास 'बायी' हे मध्ययुगीन राजाधिकाऱ्याचे पदनाम आहे. १९७७ पासून तरुण बल्लवांची स्पर्धा भरते. अगोदर न सांगितलेल्या जिन्नसांतून चार जणांसाठी तीन टप्प्यांचे भोजन त्यात सिद्ध करावे लागते. २००८ मध्ये धर्मादाय शाखाही सुरू झाली.

निष्कर्ष

जुना संघ उपजीविकेचा होता, नवी संस्था प्रतिष्ठेची आहे. म्हणून १२४८ पासूनच्या अखंडतेचा दावा शब्दशः मान्य करता येत नाही. टिकून राहिली ती नोंद. ब्वालोने नियम लिहून ठेवले, म्हणूनच सात शतकांनंतर भाजण्याच्या कौशल्याला पुन्हा मान देता आला. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर रोडगे भाजणाऱ्या हातांनाही आच, राख आणि वेळ यांचे तितकेच सूक्ष्म ज्ञान असते. ते ज्ञान मुख्यतः हातांतूनच पुढे जाते. त्याची शास्त्रशुद्ध नोंद करणे हे या प्रदेशातील अभ्यासकांपुढील कार्य ठरते.