विळी मिटून ठेवतो, मग स्कॅल्पेल उघडे का?

आपल्या किनाऱ्यावरच्या घरांत मुलीच्या हाती विळी देताना पहिला धडा कापण्याचा नसतो, ठेवण्याचा असतो. मासळी साफ झाली की पाते धुवायचे, मिटायचे आणि विळी भिंतीकडे सरकवायची. विळी उघडी टाकून उठणाऱ्या सुनेला सासूचा ओरडा ठरलेला. त्या ओरड्यामागे शहाणपण आहे. माणूस कितीही सावध असला तरी थकतो, कोणी हाक मारली की त्याचे लक्ष जाते, लहान मूल मध्येच धावत येते. म्हणून सगळा भरवसा सावधपणावर न ठेवता हत्यारालाच घडी घालायची.

आज अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतल्या आपल्या कितीतरी घरांतून मुली नर्सिंगला जातात. कोणी लॅब टेक्निशियन होते, कोणी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, कोणी आखाती देशांतल्या रुग्णालयात नोकरी धरते. पगार किती, ड्युटी कोणती, राहण्याची सोय काय, हे आपण सगळे विचारतो. तिच्या हातातले पाते मिटते का, हे मात्र कोणी विचारत नाही.

पाते कोणाला लागते?

शस्त्रक्रियेत स्कॅल्पेल कापण्याच्या क्षणीच लागते असे नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात देताना लागते. काम संपल्यावर रक्ताने निसरडे झालेले पाते दांड्यावरून काढताना लागते. ट्रेमध्ये कापसाखाली राहून गेलेले पाते धुणाऱ्याला लागते, आणि चुकून साध्या पिशवीत गेलेले पाते कचरा उचलणाऱ्याला लागते. म्हणजे ज्याने पाते वापरले त्यालाच ते लागेल असे नाही.

मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाने १९९८ ते २००३ या सहा वर्षांत सुई टोचल्याच्या घटनांची नोंद ठेवली. ३८० कर्मचाऱ्यांनी अशी दुखापत कळवली. त्यांत सुमारे ४५ टक्के नर्स होत्या आणि सुमारे ३३ टक्के अटेंडंट, म्हणजे आपण ज्यांना मावशी आणि मामा म्हणतो ते. डॉक्टर होते सुमारे ११ टक्के. ही नोंद सुयांची असली तरी धारदार वस्तूंचा धोका कोणाच्या वाट्याला येतो, ते तिच्यातून दिसते.

छोट्या जखमेतून काय जाते?

रुग्णाच्या रक्तात विषाणू असेल आणि ती सुई दुसऱ्याला टोचली, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता लस न घेतलेल्या माणसात १०० पैकी ३० पर्यंत जाते. हिपॅटायटिस सीची साधारण १०० मध्ये २ आणि एचआयव्हीची १००० मध्ये ३ अशी धरली जाते. आपल्याकडे भीती एचआयव्हीची जास्त, पण खरा मोठा धोका हिपॅटायटिस बीचा आहे. हा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. दिलाशाची गोष्ट ही की त्यावर चांगली लस आहे.

पात्याने जीव जाऊ शकतो हे जगाला फार आधी कळले होते. १८४७ साली व्हिएन्नात याकोब कोलेत्श्का या प्राध्यापकाच्या बोटाला शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी लागली आणि जंतुसंसर्गाने त्यांचा अंत झाला. त्यांचे मित्र डॉ. सेमेलवाइस यांना त्या मृत्यूत बाळंतरोगाचे कारण सापडले आणि त्यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले. जग हात धुवायला शिकले. सुरी मात्र तशीच उघडी राहिली.

एक सोय, एक नवा धोका

पूर्वी शल्यविशारदाची सुरी अखंड असे आणि तिला धार लावावी लागे. १९१५ मध्ये अमेरिकेत मॉर्गन पार्कर यांनी दांडा वेगळा आणि पाते वेगळे अशा रचनेचे पेटंट घेतले. बार्ड-पार्कर या नावाने ती जगभर गेली. आजही थिएटरमध्ये ‘बीपी हँडल’ म्हणतात ते हेच. दर वेळी नवे, धारदार, निर्जंतुक पाते मिळू लागले. रुग्णासाठी ही मोठी सोय झाली. पण पाते बसवणे आणि काढणे हे एक जोखमीचे काम नर्सच्या वाट्याला आले.

त्यावरचे उपायही आता बाजारात आहेत. एका प्रकारच्या स्कॅल्पेलमध्ये अंगठ्याने खटका सरकवला की पाते दांड्यात परत जाते. दुसऱ्यात पात्यावर प्लास्टिकचे आवरण पुढे येते. तिसरा उपाय म्हणजे पाते काढण्याची छोटी पेटी. दांडा तिच्यात घालून ओढला की पाते आतच अडकून राहते, बोट लावावे लागत नाही.

पाते लपवण्याची कल्पना नवी नाही. दहाव्या-अकराव्या शतकात कुर्तुब्याजवळ राहणाऱ्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी ‘किताब अत-तसरीफ’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रियेच्या अवजारांची चित्रे दिली आहेत. त्यांत गळू फोडण्यासाठी एक झाकलेली सुरी आहे. रुग्णाने ती पाहून घाबरू नये हा तिचा हेतू. तिथे रुग्णाच्या भीतीचा विचार झाला होता. आज त्याच युक्तीने नर्सच्या बोटाचा विचार करायचा आहे.

अडचणीही आहेत. मिटणारे स्कॅल्पेल साध्या पात्यापेक्षा महाग पडते. हाताला सवय असलेले वजन आणि पकड बदलते, म्हणून अनेक सर्जन ते नाकारतात. शिवाय खटका सरकवायला विसरले तर ते साध्या सुरीइतकेच धोक्याचे. म्हणून अवजाराबरोबर रीतही हवी. स्कॅल्पेल हातात हात घालून न देता किडनी ट्रेमध्ये ठेवायचे आणि समोरच्याने तिथून उचलायचे. त्याला पैसा लागत नाही. दोन हातमोजे एकावर एक घातले तर आतला मोजा फाटण्याचे प्रमाण खूप घटते, हेही अभ्यासांतून दिसले आहे.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेने २००० साली यासाठी कायदा केला. त्यातली एक तरतूद आम्हाला फार मोलाची वाटते. सुरक्षित अवजार निवडताना ते प्रत्यक्ष वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मत घेतले पाहिजे, असे तो कायदा म्हणतो. युरोपीय संघाचे निर्देश २०१० मध्ये आले.

आपल्याकडे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया आणि पाती पांढऱ्या, न टोचणाऱ्या, न गळणाऱ्या डब्यातच टाकावी लागतात. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि गरज पडल्यास प्रतिबंधक औषध देण्याची तरतूद आहे. म्हणून डबा मागणे, लस मागणे ही कटकट नव्हे. तो हक्क आहे.

लागलेच तर

- जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, ब्लीच लावू नका.
- लगेच वरिष्ठांना सांगा आणि लेखी नोंद करा. लाजेने किंवा नोकरीच्या भीतीने लपवू नका.
- एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि २८ दिवस घ्यावे लागते.
- हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस पूर्ण झाले आहेत का ते पाहा. डोसांनंतर रक्त तपासून संरक्षण तयार झाल्याची खात्री करता येते.

दोन तासांची ही गोष्ट आपल्या भागात जास्त महत्त्वाची आहे. श्रीवर्धनहून अलिबाग गाठायचे तर दिघी-आगरदांडा फेरी तरी धरावी लागते, नाहीतर घाटरस्त्याचा वळसा. औषध कुठे मिळते हे दुखापत झाल्यावर शोधायचे नसते. कामावर रुजू होतानाच विचारून ठेवायचे असते.

आपल्या घरातली सुई

हा विषय दवाखान्याच्या भिंतीआड संपत नाही. घराघरांत मधुमेह आहे, इन्सुलिन आहे. वापरलेली सुई पातळ पिशवीतून घंटागाडीत गेली तर ती कोणा सफाई कामगाराच्या हातात घुसते. शीतपेयाच्या पातळ बाटलीऐवजी जाड प्लास्टिकचा डबा घ्या, सुया त्यात टाका, झाकण घट्ट लावा, वर ‘सुया’ असे लिहा आणि तो डबा नेहमीच्या कचऱ्यात न टाकता कुठे द्यायचा ते आरोग्य केंद्रात विचारा.

विळी मिटून ठेवायला आपल्याला कोणी कायद्याने शिकवले नाही. मागून येणाऱ्याचा पाय कापू नये एवढाच विचार त्यात होता. दवाखान्यात मागून येणारी ती मावशी असते, टेक्निशियन असतो, आपलीच लेक असते. आज ती ड्युटीवरून परतली की एवढे विचारा: बेटा, तुझी लस पूर्ण झाली का, आणि तुमच्याकडे पाते बोटाने काढतात की पेटीने?