देवमाशाच्या बदल्यात मका

बेटांवरची गावं : भाग ६

वुलांडोनीचा बाजार शनिवारी भरतो. किनाऱ्यावरच्या बायका डोक्यावरून सुकवलेलं मांस, खारे मासे, मीठ आणि विड्याचा चुना आणतात. डोंगरातल्या बायकांकडे मका, केळी, कंद, नारळ, सुपारी असते. माल मांडला म्हणून देवघेव सुरू होत नाही. बाजार सांभाळणारा माणूस शिट्टी वाजवतो, मग एकच गडबड उडते. पैशाला इथे मज्जाव नाही, पण त्याचं फारसं कामही पडत नाही. मोजणी सहा-सहाची. सुकवलेल्या मांसाच्या एका पट्टीला बारा कणसं किंवा बारा केळी हा रूढ भाव. पट्टी जाड की बारीक यावरून घासाघीस व्हायची ती होतेच.

मांस असतं स्पर्म व्हेलचं, आणि ते येतं शेजारच्या लामालेरा गावातून.

मागच्या भागात आपण बालीत होतो, जतिलुविहच्या पाटांवर आणि भातखाचरांत. तिथून पूर्वेला लोंबोक, सुंबावा आणि लांबलचक फ्लोरेस ओलांडलं की सोलोर, अदोनारा आणि लेम्बाता ही बेटं लागतात. प्रांताचं नाव पूर्व नुसा तेंगारा, राजधानी तिमोर बेटावरचं कुपांग. बालीचा हिरवेपणा इथे शोधू नये. पावसाळा तुटपुंजा, कोरडे महिने लांबलचक, माळावर शिंदीसारखी ताडवर्गीय झाडं. लेम्बाताला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला तो 1999 मध्ये. मुख्य गाव लेवोलेबा. बेटाच्या उत्तरेला लेवोतोलोक हा जागता ज्वालामुखी आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये त्याचा मोठा उद्रेक झाला, आणि एप्रिल 2021 मध्ये सेरोजा चक्रीवादळाच्या पावसाने त्याच्या उतारांवरचा दगडगोटा गावांवर आणून टाकला.

लामालेरा याच्या बरोबर उलट अंगाला, दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून बसलं आहे. वस्ती दीड-दोन हजारांची. वरचं आणि खालचं असे त्याचे दोन भाग. घरं खडकाळ उतारावर, खाली लहानसा वाळूचा पट्टा आणि त्यावर ओळीने होड्यांच्या शाकारलेल्या खोपी. पेरायला जमीन जवळपास नाहीच. गावातल्या जुन्या कथेप्रमाणे पूर्वज दुसरीकडून आले. लेपान बातान नावाचं त्यांचं बेट समुद्राने गिळलं, आणि इथल्या डोंगरी लोकांनी त्यांना किनाऱ्याची जागा दिली. उशिरा आलेल्याला जमीन मिळत नाही. त्याला समुद्र मिळतो. त्या जुन्या भूस्वामी कुळांचा मान अजून राखला जातो. देवमासा सापडला की त्याच्या डोक्याचा वाटा त्यांचा.

शिकारीची वर्णनं वाचकांनी कुठे ना कुठे पाहिली असतील. पेलेदांग ही दहा-बारा मीटरची लाकडी होडी, लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या आणि बंधनं वापरून बांधलेली. तिच्या नाळेपुढे बांबूचा मंच असतो. त्यावर उभा असतो लामाफा, म्हणजे भालाईत. लांब बांबूच्या टोकाला लोखंडी फाळ. लामाफा तो नुसता फेकत नाही, भाल्यासकट स्वतःच देवमाशाच्या पाठीवर झेप घेतो. आपल्या अंगाचं वजन भाल्यामागे गेलं तरच फाळ आत रुततो. मग दोराला बांधलेली होडी जनावर नेईल तिकडे जाते. 1994 मध्ये अशाच ओढाओढीत होड्या तिमोरच्या दिशेने पार दूर गेल्या आणि खलाशांना एका पर्यटक जहाजाने उचललं. या झेपेची छायाचित्रं जगभर फिरली आहेत. माझं म्हणणं असं की ती झेप पाहून लामालेरा कळत नाही. गाव कळतं ते नंतर किनाऱ्यावर, सुरे बाहेर निघतात तेव्हा.

कारण जनावराचा प्रत्येक भाग आधीच कुणाचा तरी असतो. होडी एका माणसाची नसते, कुळाची असते. लामाफाचा वाटा ठरलेला, वल्हेकऱ्यांचा ठरलेला. ज्याने होडी बांधली त्या सुताराचा, ज्याने फाळ घडवला त्या लोहाराचा, शिडाची सोय करणाऱ्यांचाही. ते त्या दिवशी समुद्रावर गेले नसले तरी. मग त्या वाट्यांतून नातलगांकडे, शेजाऱ्यांकडे, विधवांकडे पुन्हा वाटे जातात. मानववंशशास्त्रज्ञ मायकेल अल्वार्ड यांनी या वाटपाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी इथे एक खेळही खेळवला. एकाला काही वस्तू द्यायच्या, त्याने अनोळखी जोडीदाराला किती द्यायचं ते सांगायचं. जोडीदाराने नाकारलं तर दोघांनाही काही नाही. पैसे ठेवले तर जुगार वाटेल म्हणून सिगारेटची पाकिटं ठेवली. जगातल्या पंधरा लहान समाजांत हाच खेळ झाला, आणि सर्वांत मोठा वाटा देऊ केला लामालेराने: सरासरी निम्म्याहून जास्त, 58 टक्क्यांच्या आसपास. पेरूमधल्या माचिगेंगा लोकांत हा आकडा याच्या निम्म्याहूनही कमी होता. तिथली कुटुंबं आपापली शेती आपापली करतात. ज्याचं पोट एकट्याच्या हाताने भरत नाही त्याची वाटण्याची सवय वेगळी असते, एवढा निष्कर्ष काढायला हरकत नसावी.

वाटे झाले की काम बायकांकडे येतं. पट्ट्या कापणं, बांबूच्या मांडवांवर वाळवणं, गळणारं तेल भांड्यांत धरणं. आणि मग चालणं. वुलांडोनीपुरतं नव्हे; डोंगरातल्या गावांत घरोघरी जाऊनही त्या देवघेव करतात. मका वर्षभर टिकतो, वाळलेलं मांस महिनोन्‌महिने टिकतं. दोन्ही बाजूंना भुकेचे दिवस वेगळ्या वेळी येतात, म्हणून सौदा टिकून आहे.

एप्रिल संपता संपता होड्यांची डागडुजी होते आणि 1 मेला किनाऱ्यावर मिस्सा होऊन हंगाम उघडतो. तो ऑक्टोबरपर्यंत चालतो. गाव कॅथलिक आहे, पण मिस्सेआधी भूस्वामी कुळाचे लोक डोंगरावरच्या दगडाशी जाऊन देवमाशांना बोलावतात, ते वेगळंच. आपल्याकडे कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या लोटतात, तसाच हा दिवस. समुद्राला इथे आई म्हणतात. हंगामाबाहेर देवमासा दिसला तर ‘बालेओ!’ अशी आरोळी घराघरांतून फिरते आणि माणसं हातातलं काम टाकून किनाऱ्याकडे धावतात. बलीन व्हेलला मात्र हात लावायचा नाही. पूर्वजांना त्याने वाचवलं, अशी आख्यायिका.

या पाण्यातल्या शिकारीची जुनी नोंद 1624 च्या एका पोर्तुगीज कागदात सापडते. पोर्तुगीजांचा सोलोरवरचा किल्ला एकेकाळी गोव्यातून चालणाऱ्या राज्याचं एक दूरचं टोक होता. त्याही आधीपासून भारताचा माल इथे पोहोचत होता. गुजरातची पटोळी लेम्बातातल्या कुळांनी ठेव म्हणून जपली, आणि हुंड्याच्या लुगड्यांत त्यांच्या नक्षीची छाया उतरली. लामालेराच्या विणकरणी त्यात होड्या आणि मांता मासे घालतात. लाल रंग आलाच्या मुळांचा, निळा निळीचा.

बाहेरच्यांनी सुधारणा करून पाहिली. 1973 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने एका नॉर्वेजियन व्हेलशिकाऱ्याला आधुनिक साधनांसह इथे धाडलं. जनावरं मारण्याचा वेग वाढला, पण वाटे कसे घालायचे याचं उत्तर त्या नावेत नव्हतं. थोड्याच वर्षांत उपक्रम गुंडाळला गेला.

आता प्रश्न कायद्याचा आहे. इंडोनेशियात 1999 पासून देवमासे संरक्षित आहेत आणि 2014 पासून मांताही. देश आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाचा सदस्य नाही, म्हणून आदिवासी शिकारीसाठी आयोग देतो तसा कोटाही लामालेराला नाही. गंमत म्हणजे 1999 ते 2001 या काळात देशाचे पर्यावरणमंत्री होते सोनी केराफ, आणि ते याच गावचे. (भाषातज्ज्ञ गोरिस केराफ हेही इथलेच. मांसाच्या आणि मक्याच्या बळावर मुलांना शिकवणारं हे गाव आहे.) 2009 मध्ये सावू समुद्रात सागरी उद्यान जाहीर होणार होतं, तेव्हा लामालेराने ठाम विरोध केला आणि लेम्बाताचा भाग वगळावा लागला. प्रत्यक्षात वहिवाट चालते ती डोळेझाकीवर: खाण्यापुरती शिकार होऊ द्यायची, व्यापार नाही.

ही डोळेझाक कुणालाही पूर्ण पटणारी नाही. स्पर्म व्हेल मुळातच सावकाश वाढणारा, अनेक वर्षांनी एक पिल्लू देणारा जीव. दुसऱ्या बाजूला, वर्षाकाठी मिळणारे देवमासे कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कधी वीस-पंचवीस. जगातल्या स्पर्म व्हेलना यांत्रिक शिकारीने विसाव्या शतकात जे भोगायला लावलं त्यापुढे हा हिशोब फार लहान. माझं मत गावाच्या बाजूला झुकतं, पण मांताच्या बाबतीत तितकं नाही. तिच्या कल्ल्यांना परदेशी गिऱ्हाईक होतं, आणि तिथे मक्याचा संबंध संपतो.

आणि संबंध संपवणारी मुख्य गोष्ट कायदा नाहीच. पेलेदांग आता बहुधा यंत्राच्या होडीमागे बांधून ओढत नेतात. जाळी आली, फोन आले, शाळेची फी आली. यंत्राला पेट्रोल लागतं आणि पेट्रोल सहा-सहाच्या मोजणीत मिळत नाही. त्यासाठी रुपिया हवा, म्हणून काही मांस आता रोखीत विकलं जातं. वुलांडोनीत ज्यांना पूर्वी हमखास पट्टी मिळायची, त्या डोंगरातल्या बायकांना ती मिळण्याची खात्री तेवढी कमी होते.

(पुढच्या आठवड्यात : फ्लोरेसच्या डोंगरातलं वाए रेबो, जिथे सात शंकूच्या आकाराची घरं पुन्हा उभी राहिली.)