कोया पुनेम जाणून घ्यायचंय? मग मोबाईल बाजूला ठेवा आणि आजीला विचारा, 'आपण किती देवे?'

पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणी, घाटंजी. यवतमाळच्या या पट्ट्यातल्या गोंड पोरापोरींची स्टेटस बघितली तर 'जय सेवा', 'सेवा जोहार' आणि सप्तरंगी झेंडा हमखास दिसतो. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी मात्र 'आपला धर्म नेमका कोणता?' यावर कधी बोलणंच झालेलं नसतं. शाळेच्या दाखल्यावर एक लिहिलेलं, देवघरात दुसरं, आणि रीलवर तिसरंच. तुम्हीही त्यातले असाल आणि खरंच समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात कुठून करायची ते बघू.

आधी शब्द. कोया म्हणजे गोंड स्वतःला जे म्हणवतात ते नाव. पुनेम म्हणजे धर्म, वाट. पाश्चात्त्य देशांत निसर्गपूजक पंथांना 'पेगन' म्हणतात आणि तिथे नव्याने येणारा माणूस पुस्तकं वाचून, एखाद्या मंडळात नाव घालून सुरुवात करतो. आइसलँडमध्ये तर जुन्या देवांना मानणाऱ्यांच्या संघटनेला 1973 मध्ये सरकारी मान्यता मिळाली. पण तिथली परंपरा मध्ये तुटली होती, ती पुन्हा जोडावी लागली. आपल्याकडे ती तुटलेली नाही. ती तुमच्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे, फक्त कुणी विचारत नाही.

म्हणून पहिला प्रश्न देवाचा नाही, कुळाचा. 'आपण किती देवे?' गोंड समाज चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे अशा गटांत विभागलेला आहे. मेश्राम सात देवे. एकाच गटातली सगळी कुळं एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आडनाव वेगळं असलं तरी गट एक असू शकतो. (इन्स्टावर ओळख वाढवण्याआधी हे माहीत असलेलं बरं.) त्यानंतर विचारा, आपल्या कुळाचा पेन, म्हणजे देव, कोणत्या गावाला आहे? कटोडा, म्हणजे कुळाचा पुजारी, कोण? आपण कोणतं झाड तोडत नाही, कोणता प्राणी मारत नाही?

या शेवटच्या प्रश्नात बरंच काही दडलेलं आहे. पर्सापेन, म्हणजे कुळाचा मोठा देव, मूर्तीत नसतो. लोखंडी भाला आणि चवरी ही त्याची खूण, आणि जागा बहुतेक वेळा गावाबाहेर, झाडाजवळ. त्यामुळे जंगल गेलं की देवाची जागाच जाते. निसर्गपूजा हा शब्द ऐकायला गोड वाटतो, पण इथे तो थेट जमिनीचा प्रश्न आहे.

गोष्टी मात्र एकच एक शोधू नका. पारी कुपार लिंगोने गुहेत कोंडलेल्या कोयांना बाहेर काढलं, ही मूळ कथा. नागपूरला राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी प्रधान गायकाकडून ती लिहून घेतली आणि 1866 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ती छापली गेली. त्यात कोंडणारा महादेव आहे. डॉ. मोतीरावण कंगाली (1949-2015) यांनी मांडलेल्या कथेत जंगो रायताड आणि संगीतकार हिरासुका पाटालीर यांचं महत्त्व मोठं आहे. कंगालींची पुस्तकं जरूर वाचा, आजच्या कोया पुनेम चळवळीला त्यांनीच भाषा दिली. पण सिंधू लिपी गोंडीतून वाचल्याचा त्यांचा दावा अभ्यासकांनी सर्वमान्य केलेला नाही, तेव्हा तो कमेंटमध्ये शस्त्रासारखा वापरू नका. प्रधान किकरीवर गात असेल तर ते आधी ऐका. व्हिडिओ नंतर काढा, तोही विचारून.

जायचं कुठे? दोन जागा. माघ पौर्णिमेला गोंदियाच्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड, तीच गुहा मानली जाते. आणि यवतमाळकरांना जवळची, पैनगंगेपलीकडे आदिलाबादमधली केसलापूरची नागोबा जत्रा, पौष अमावास्येला. मेश्राम कुळाचे लोक त्यासाठी गोदावरीचं पाणी पायी आणतात. तिथे 'भेटिंग' नावाचा विधी असतो: कुळात आलेल्या नव्या सुना पांढरी साडी नेसून, पदर घेऊन देवापुढे येतात आणि थोरल्या बायका त्यांची देवाशी ओळख करून देतात. नवीन माणसाने कसं यावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. स्वतःहून घुसायचं नाही, कुणीतरी हात धरून न्यायचं.

तुम्ही गोंड नसाल तर? कोया पुनेममध्ये कुळ जन्माने किंवा लग्नाने मिळतं, फॉर्म भरून नाही. पाहुणे म्हणून जा, बोलावल्यावर जा. घुसाडीचा मोरपिसांचा टोप फोटोसाठी डोक्यावर घालू नका. आणि सगळ्या आदिवासींना एकाच पोत्यात घालू नका. यवतमाळचे कोलाम वेगळे, त्यांची भाषा कोलामी, त्यांचा देव अयक. गंमत म्हणजे गोंड गावंही काही पूजांसाठी कोलाम पुजाऱ्याला बोलावत आली आहेत.

आता कागदाचं. 2011 च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात सहा धर्मांना क्रमांक होते. बाकीच्यांना धर्माचं नाव पूर्ण लिहायचं होतं. तेव्हा सुमारे 10 लाख 26 हजार लोकांनी गोंडी धर्म नोंदवला आणि 49 लाख 57 हजारांनी सरना. पुढची जनगणना 2027 ची आहे. 'वेगळा धर्म लिहिला तर जमातीचा दाखला जाईल' अशी भीती गावोगाव ऐकू येते. धर्माची अट अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात आहे, जमातींच्या आदेशात नाही. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. प्रगणक दारात येईल तेव्हा नाव पूर्ण सांगा आणि त्याने काय लिहिलं ते एकदा वाचून घ्या.