घरच्या बोली : भाग ७ – दुर्गदबैलची मराठी

हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात संध्याकाळी उभं राहिलं की कन्नड, दखनी उर्दू, मराठी आणि सावजी मंडळींची खत्री बोली एकदमच कानांवर येतात. दुकानदार गिऱ्हाइकाचा तोंडवळा पाहून भाषा बदलतो. भाव एका भाषेत सांगितला जातो, घासाघीस दुसरीत होते. या बाजाराच्या आसपासच्या मराठी घरांत आम्ही वाढलो. शाळेत कन्नड शिकलो, पुण्याहून येणाऱ्या मासिकांतून छापील मराठी वाचली, आणि घरात मात्र या दोन्हींहून निराळी मराठी बोललो. सुट्टीत येणारे पाहुणे तिला 'कानडी वळणाची' म्हणत आणि हसत. आज त्या वळणाबद्दलच लिहायचं आहे, कारण ते वळण म्हणजे चूक नव्हे, नियम आहे.

आजी म्हणायची, "मी बाजारला जाऊन येतो." बाईच्या तोंडी 'येतो' ऐकून पाहुण्यांना गंमत वाटे. पण बेळगाव, चंदगड, कोल्हापूर या पट्ट्यातही कितीतरी बायका असंच बोलतात. कन्नडात 'मी'बरोबर येणारं क्रियापद बाई-पुरुष असा भेद करत नाही. 'नानु बंदे' दोघांनाही चालतं. दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच तोंडी राहिल्या की एकीची सवय दुसरीत उतरणारच. तसंच "उद्या येतो म्हणून म्हणाला." छापील मराठी इथे 'असं' घालते. कन्नडात दुसऱ्याचं बोलणं सांगून झालं की 'अंत' येतं, आणि नेमक्या त्याच जागी आमचं 'म्हणून' बसतं.

याचा सर्वांत नामांकित अभ्यास झाला तो सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो १९७१ साली प्रसिद्ध केला. गावात मराठी, कन्नड आणि उर्दू रोजच्या वापरातल्या. प्रत्येकीचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांची बांधणी इतकी एक झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. तिथला मराठी माणूस 'तिथं नदी आलं' म्हणतो, उर्दू बोलणारा 'नदी आया' म्हणतो. कारण कन्नडात माणूस सोडून बाकी सारं नपुंसकलिंगी. देणंघेणं एकतर्फी मात्र नाही. 'हे तुमचं घर' एवढ्यावर पुस्तकी कन्नड थांबते. कुपवाडची कन्नड मराठीसारखं शेवटी 'आहे' जोडते. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. शेजारी राहून दोन्ही भाषा बदलल्या, कुणी कुणाला बाटवलं नाही.

धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यानंतर म्हैसूर राज्यात गेला, आणि मराठीचा इथला कचेरीतला वावर आटत गेला. घरात ती राहिली. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी कविता लिहिली कन्नडात, 'नाकुतंती'ला १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं, आणि 'संवाद' हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. दोन भाषांत राहणाऱ्या माणसाची कुठलीच भाषा धड नसते, असं म्हणणाऱ्यांनी बेंद्र्यांकडे पाहावं.

घरच्या बोलीची लाज वाटायला लावणं हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. फ्रान्समध्ये १७९४ साली ग्रेगवार या धर्मगुरूने राष्ट्रीय सभेपुढे अहवाल मांडला, त्याच्या नावातच प्रादेशिक बोली नष्ट करण्याची गरज सांगितली होती. पुढे ब्रिटनी प्रांतातल्या शाळांत ब्रेताँ बोललेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची खूण अडकवत. आमच्या शाळेत असं काही झालं नाही. पण पाहुण्यांच्या हसण्याने आम्ही भावंडं त्यांच्यासमोर 'मी येते', 'असं म्हणाला' असं जपून बोलू लागलो, आणि हळूहळू घरातही तेच बोलू लागलो. आज आमची मुलं इंग्रजी-कन्नड बोलतात, आणि आजीची मराठी बोलणारी माणसं आता सत्तरीपुढची आहेत.

सावजी घरांचीही हीच अडचण. त्यांच्या खत्री बोलीला स्वतःची लिपी नाही, ती तोंडीच टिकून आहे.

म्हणून वाचकांना विनंती आहे. हुबळी, धारवाड, बेळगाव, निपाणी, कुठेही असा. घरातल्या वडीलधाऱ्यांना स्वयंपाकाबद्दल, लग्नांबद्दल, जुन्या बाजाराबद्दल बोलतं करा आणि ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. बोलताना त्यांची वाक्यं सुधारू नका.